लाळेतला ग्रोथ फॅक्टर, लॅबमधल्या पेशी आणि आमच्याकडचा खर्रा

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायचा निरोप देणारी प्रथिनं, आणि हे शब्द आता आमच्या तालुक्याच्या बाजारापर्यंत येऊन पोचलेत. केस गळतात म्हणून यवतमाळला पीआरपी (आपल्याच रक्तातला भाग काढून डोक्यात टोचतात ते) करायला जाणारी पोट्टी ते बोलतात, चेहऱ्याच्या क्रीमच्या डबीवर ते छापलेलं असतं, आणि मागच्या दिवाळीनंतर माझ्या मोठ्या आईच्या हातात कॅप्सुलची जी डबी कोणीतरी दिली तिच्यावरही तेच होतं. गाईच्या चिकाची पावडर, आत "नैसर्गिक ग्रोथ फॅक्टर". विकणाऱ्याने सांगितलं की जखम लवकर भरते, पेशी नव्या होतात, कॅप्सुल फोडून पावडर तोंडातल्या जखमेवर लावली तर अजूनच चांगलं. मोठ्या बाबांचं तेव्हा तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, आतला गाल काढलेला, शेक (रेडिएशन) चालू होते, पाणी गिळताना सुद्धा डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या. मोठी आई मले फोनवर म्हणते, "तू त नागपूरले हेच शिकली नं वो, कॅन्सरच्या पेशीईवर औषध टाकाचं? मंग सांग, हे देऊ का नको?"

मी नको म्हटलं. पण काहून नको हे फोनवर दोन मिनिटात सांगता येत नाही, कारण त्या डबीवर जे लिहिलं होतं त्यातला अर्धा भाग खरा आहे. ग्रोथ फॅक्टरने जखम भरते हे खरंच आहे. त्याच ग्रोथ फॅक्टरने कॅन्सरची पेशी काय करते हे मी लॅबमधे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पुढची काही वर्षं माझं कामच ते होतं, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी आणि ईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर. आता तालुक्याच्या कॉलेजात झूऑलॉजी शिकवते, लॅब सुटली, पण हा विषय काही सुटला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहून ठेवते, मोठ्या आईसारखं अजून कोणाला विचारायचं असेल तर.

हा ग्रोथ फॅक्टर सापडला कसा इथून सुरू करते, कारण पहिला धागाच मुळात कॅन्सरच्या गाठीतून निघालाय. इटलीत तुरिन शहरात रीता लेव्ही-मोंताल्चिनी नावाची ज्यू डॉक्टर होती, मुसोलिनीच्या कायद्याने ज्यू लोकांना युनिव्हर्सिटीत काम करायची बंदी आली तेव्हा तिने घरी बेडरूममधेच लॅब मांडली, शिवायच्या सुया घासून घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या नसा कशा वाढतात हे बघत बसली, बाहेर महायुद्ध चालू असताना. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तिथे उंदराच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर ठेवला तर गर्भाच्या नसा त्या गाठीकडे अक्षरशः धावत सुटल्या, आणि गाठ नसांना चिकटलेली नसली तरी तेच झालं. म्हणजे गाठीतून काहीतरी बाहेर येत होतं. ते काचेतल्या पेशींवर तपासायचं म्हणून १९५२ मधे गाठवाले उंदीर सोबत घेऊन ती विमानाने ब्राझीलमधे रिओला गेली, कारण पेशी काचेत वाढवायची सोय तिथे ओळखीच्या लॅबमधे होती. गाठीचा तुकडा जवळ ठेवला की एका दिवसात नसांच्या पेशींमधून चहूबाजूंनी धागे फुटायचे.

मग तिच्यासोबत स्टॅनली कोहेन नावाचा केमिस्ट्रीवाला आला. तो पदार्थ नेमका काय हे शोधताना त्याने सापाचं विष वापरलं, वापरलं ते वेगळ्याच कामासाठी, पण त्या विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. आता सापाची विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीच, तर उंदराच्या लाळग्रंथीत पण असेल का म्हणून पाहिलं, तर तिथेही भरपूर. आणि त्या लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदराच्या पिलांना टोचला तर पिलांचे डोळे तेरा-चौदाव्या दिवशी उघडतात ते सातव्या दिवशीच उघडले, दातही लवकर आले. असल्या गोष्टीकडे कोणी दुर्लक्ष केलं असतं, कोहेनने नाही केलं. डोळे उघडवणारा हा दुसराच पदार्थ होता आणि तोच ईजीएफ, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, फक्त ५३ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. दोघांना १९८६ मधे नोबेल मिळालं. लेव्ही-मोंताल्चिनी २०१२ पर्यंत जगली, १०३ वर्षांची होऊन गेली. मी बीएस्सीच्या पोरींना हे दरवर्षी सांगते, आमच्या लॅबमधे सोय नाही म्हणून काही होत नाही असं ज्या पोरींना वाटते त्यांना जरा जास्तच वेळ सांगते.

तर ईजीएफ लाळेत आहे, माणसाच्या पण. तोंडात गाल चावला गेला की दोन-तीन दिवसात भरून येते, हातावरची तेवढीच जखम मात्र आठवडाभर राहते, यामागे बऱ्याच गोष्टी आहेत पण लाळेतला ईजीएफ त्यातली एक आहे. मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर लावायचं ईजीएफचं जेल आपल्याकडे भारत बायोटेकने बनवून विकलंय. त्यामुळे ग्रोथ फॅक्टर वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. आता लॅबमधे काय दिसते ते सांगते.

कॅन्सरच्या पेशी म्हणजे कोण्या एका पेशंटच्या गाठीतून काढलेल्या आणि मग वर्षानुवर्षं फ्लास्कमधे वाढत राहणाऱ्या पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींची बँकच आहे, तिथून देशभरच्या लॅबना पाठवतात. त्यांना ३७ डिग्री तापमान लागते, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि खायला गुलाबी रंगाचं मीडियम, ज्यात साधारण १० टक्के सीरम घालतात. हे सीरम गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून काढलेलं असते, ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मले दोन दिवस कसंतरीच वाटत होतं. पण ते काहून लागते? कारण त्यात ग्रोथ फॅक्टर असतात. मीडियममधे साखर, अमिनो आम्लं, मीठ, व्हिटॅमिन सगळं असलं तरी सीरमशिवाय बहुतेक पेशी विभाजन करत नाहीत. नुसतं अन्न पुरत नाही, "वाढ" असा निरोप पण लागतो.

प्रयोग करताना म्हणून आधी पेशींना उपाशी ठेवतात, सीरम काढून टाकतात, रात्रभर तसंच ठेवायचं म्हणजे सगळ्या पेशी शांत होतात, एका लायनीत येतात. दुसऱ्या दिवशी ईजीएफ घालायचा, आणि तो किती, तर एका मिलिलिटरमधे १० नॅनोग्रॅम, १०० नॅनोग्रॅम, असा. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा मात्रेने पाच-दहा मिनिटात पेशीच्या आतली प्रथिनं बदलायला लागतात, पेशी फोडून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी टेस्ट) केला की फॉस्फेट लागून चालू झालेल्या ईआरके नावाच्या प्रथिनाचा पट्टा जो उपाशी पेशीत फिकट असतो तो ईजीएफवाल्या पेशीत काळाकुट्ट दिसतो. मी पहिल्यांदा तो पट्टा पाहिला तेव्हा रात्रीचे किती वाजले होते आठवत नाही पण डार्करूममधून बाहेर येऊन मी सगळ्यात आधी घरी फोन केला होता.

मधे काय होते ते असं. पेशीच्या सालीवर ईजीएफचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारी प्रथिनं, असतात, ईजीएफ येऊन बसला की दोन रिसेप्टर जोडीने एकमेकांना धरतात, त्यांच्या आतल्या शेपट्यांवर फॉस्फेट लागतात, तिथून रास, राफ, मेक, ईआरके अशी साखळी सुरू होऊन निरोप केंद्रकात जातो की विभाजन करा. दुसरी एक साखळी पीआय-थ्री-के आणि एकेटीची, ती सांगते की मरू नका. निरोगी पेशीत हे झाल्यावर रिसेप्टर आत ओढला जातो, मोडला जातो, निरोप बंद. शेतात मोटरला ऑटो बसवलेला असला की लाईन आल्याबरोबर पंप चालू होतो, विहिरीवर माणूस असो नसो, बांध भरून पाणी वाहून गेलं तरी चालूच, कॅन्सरच्या पेशीचं तसं आहे. कधी रिसेप्टरच इतके जास्त असतात की थोड्या ईजीएफनेही भागते, कधी खालची साखळी अडकून चालूच राहते, आणि कधी पेशी स्वतःच ईजीएफचा भाऊबंद टीजीएफ-अल्फा बनवून स्वतःच्याच रिसेप्टरला लावते, बाहेरच्या निरोपाची वाटच पाहत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधे दहातल्या आठ-नऊ गाठींत हा रिसेप्टर नेहमीपेक्षा जास्त सापडतो. म्हणून तर आम्ही त्याच्या मागे होतो.

वाढ मोजायला एमटीटी म्हणून टेस्ट आहे, पिवळा रंग घालायचा, जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत. पण माझ्या मनात जी टेस्ट राहिली ती दुसरी. प्लेटमधे पेशींचा सलग थर झाला की पिपेटच्या टोकाने मधोमध एक रेघ ओढायची, तिथल्या पेशी निघून जातात, मग ती रिकामी जागा किती वेळात भरते हे मायक्रोस्कोपखाली पाहायचं. ही खरं तर जखम भरण्याचीच टेस्ट आहे. निरोगी पेशीही ईजीएफ दिला की कडेकडेने सरकत येतात, जागा भरते, एकमेकींना टेकल्या की थांबतात. कॅन्सरच्या पेशी ईजीएफ दिला की सरकतात, जागा भरतात आणि थांबत नाहीत, एकावर एक चढायला लागतात. त्याच प्लेटवर तोच ग्रोथ फॅक्टर, त्याच दिवशी. डबीवर लिहिलं होतं "जखम भरते", ते वाचताना माझ्या डोळ्यापुढे ती रेघच आली.

पण इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की ग्रोथ फॅक्टर दिला की कॅन्सर वाढतो, संपला विषय. तसंही नाही ना. ए-४३१ नावाच्या पेशी आहेत, एका वयस्क बाईच्या कॅन्सरमधून काढलेल्या, जगभरच्या लॅबमधे वापरतात. त्यांच्या एकेका पेशीवर ईजीएफचे वीस-तीस लाख रिसेप्टर असतात, साध्या पेशीवर असतात त्याच्या कितीतरी पट. तर अशा पेशीला ईजीएफ दिला तर ती पिसाळल्यासारखी वाढायला पाहिजे असं वाटते. होते उलटं. लॅबमधे नेहमी वापरतात त्या मात्रेत ईजीएफ दिला की त्यांची वाढ थांबते, काही पेशी मरतात सुद्धा. १९८० च्या सुरुवातीलाच हे लोकांनी दाखवलं, आणि मग असंही दाखवलं की मात्रा खूपच कमी, अगदी नखाएवढीही नाही इतकी केली की त्याच पेशी वाढतात. म्हणजे एकच ग्रोथ फॅक्टर, एकच पेशी, फक्त मात्रा बदलली की परिणाम उलटा. इतका जोराचा निरोप आला की पेशीच्या आतले ब्रेक लागतात, पी-२१ नावाचं प्रथिन वाढून विभाजन अडवते.

माझ्या गाईडनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं की मग पेशंटला ईजीएफच का नाही देत भरपूर. त्या म्हणाल्या, "तुझ्या पेशंटच्या गाठीतली प्रत्येक पेशी ए-४३१ आहे का?" एका गाठीत सुद्धा सगळ्या पेशी सारख्या नसतात, काहींवर रिसेप्टर जास्त, काहींवर कमी, आणि आजूबाजूला रक्ताच्या नळ्या, इम्यून पेशी, तंतू बनवणाऱ्या पेशी, सगळी वस्ती असते. प्लेटमधे यातलं काही नसते. म्हणून यूट्यूबवर कोणी सांगितलं की अमुक वस्तूने लॅबमधे कॅन्सरच्या पेशी मेल्या, तर मी पहिले विचारते की कोणत्या पेशी आणि किती मात्रा. प्लेटमधे तर मीठ जास्त टाकलं तरी पेशी मरतात.

आयजीएफ-१ ची गोष्ट पण सांगायलाच पाहिजे कारण चिकाच्या पावडरीत मुख्य तोच असतो. डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन निघतो, त्याच्या सांगण्यावरून लिव्हर आयजीएफ-१ बनवते, ७० अमिनो आम्लांचा, आणि लहान मुलांची उंची वाढते ती मोठ्या प्रमाणात याच्यामुळे. गाईचा आणि माणसाचा आयजीएफ-१ अगदी सारखा आहे, एका अमिनो आम्लाचाही फरक नाही. आता दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर देशाच्या डोंगराळ भागात काही घराण्यांत लोकांना ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टरच बिघडलेला असतो, त्याला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात, आयजीएफ-१ अगदी कमी, उंची चार फुटाच्या आतबाहेर. तिथले डॉक्टर हाइमे ग्वेव्हारा-आगिरे यांनी या लोकांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि २०११ मधे पेपर आला: ९९ लोकांत २२ वर्षांत कॅन्सर फक्त एकीला, तोही जीव न घेणारा, आणि डायबिटीस कोणालाच नाही. त्यांच्याच नात्यातल्या साध्या उंचीच्या लोकांना मात्र दोन्ही होत होतं.

त्या पेपरमधला लॅबचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी या लोकांच्या रक्ताचं सीरम घेतलं, नातेवाइकांचं पण घेतलं, आणि स्तनाच्या पेशी त्या सीरममधे वाढवून मग त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडचा मार दिला, डीएनए तुटावा म्हणून. बुटक्या लोकांच्या सीरममधल्या पेशींचा डीएनए कमी तुटला, आणि ज्यांचा तुटला त्या पेशी जास्त प्रमाणात मरून गेल्या. नातेवाइकांच्या सीरममधे तुटलेल्या डीएनएच्या पेशी जगल्या. कॅन्सरसाठी ही दुसरी गोष्ट जास्त धोक्याची, बिघडलेली पेशी मरत नाही ती. आणि बुटक्या लोकांच्या सीरममधे बाहेरून आयजीएफ-१ घातला तर फरक नाहीसा झाला. इतका स्वच्छ प्रयोग, वाचून मी उठून चहा करून आले आणि परत वाचला.

पण याचा अर्थ आयजीएफ-१ अडवला की कॅन्सर बरा, असं कंपन्यांना पण वाटलं होतं, फायझरने फिगिटुमुमॅब नावाचं औषध काढलं, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या मोठ्या ट्रायलमधे ते दिलेल्या पेशंटना फायदा तर नाहीच, उलट मृत्यू जास्त होऊन राहिले होते म्हणून ट्रायल थांबवावी लागली. आयजीएफचा रस्ता बंद केला तर पेशीने इन्सुलिनच्या रिसेप्टरचा रस्ता धरला, आणि पेशंटची साखर वाढली ते वेगळंच. प्लेटमधे छान चाललेली गोष्ट माणसात अशी आपटते. मी लॅब सोडली तरी प्लेटवरचे आकडे ऐकले की आधी हीच ट्रायल आठवते.

तर मोठ्या आईला मी काय सांगितलं. गोळी गिळली तर आयजीएफ आणि बाकी सगळी प्रथिनंच आहेत, पोटात बहुतेक पचून जातील, त्यामुळे फायद्याचा भरवसा नाही आणि पैसे मात्र जातील. घरी गाय व्याली की आपण खरवस खातो, त्याची भीती मी कोणाला घालणार नाही. पण पावडर तोंडातल्या जखमेवर चोळायची हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण तिथे पचायचा प्रश्नच नाही, ग्रोथ फॅक्टर सरळ त्या जागेवर जाणार जिथून आत्ताच कॅन्सर काढलाय आणि जिथे चुकलेली एखादी पेशी असेल म्हणूनच तर शेक देऊन राहिलेत. खऱ्या औषधाच्या बाबतीत डॉक्टर किती जपतात बघा, पॅलिफर्मिन नावाचा असाच ग्रोथ फॅक्टर आहे, जबर उपचारांनी तोंड सोलून निघते त्यासाठी, अमेरिकेत २००४ मधे परवानगी मिळाली ती रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटपुरती, कारण तोंड-घशाच्या कॅन्सरच्या पेशींवर पण त्याचा रिसेप्टर असू शकतो ही काळजी. "म्हणजे हे त आगीत तेल होय," मोठी आई म्हणाली. मी म्हटलं होईलच असं नाही मोठी आई, पण कोणी तपासलेलं नाही त्या डबीतलं, आणि मोठ्या बाबांच्या तोंडावर तपासायचं नाही. डबी परत गेली. पैसे काही परत आले नाहीत.

आता खर्रा. मोठे बाबा वयाच्या विसाव्या वर्षापासून खात होते, आणि माझ्या वर्गातली पोट्टी पंधराव्या वर्षापासून खातात. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून देतात तो खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मधे बंदी आली, खर्रा घोटणं चालूच आहे. सगळ्यांना वाटते तंबाखू वाईट, म्हणून कोणी कोणी "बिना तंबाखूचा" मागतात, नुसती सुपारी. तिथे परत ग्रोथ फॅक्टर येतो, दुसरा एक, टीजीएफ-बीटा.

टीजीएफ-बीटा सापडला तेव्हा तो पेशींचं रूप पालटून त्यांना कॅन्सरसारखं वागायला लावतो असं दिसलं, मग थोड्याच वर्षांत कळलं की गालाच्या, आतड्याच्या सालीच्या पेशींची वाढ तो उलट थांबवतो. दोन्ही खरं निघालं. सुरुवातीला तो पहारा देतो, आणि गाठ पुढे गेली, पेशींनी त्याचं ऐकणं सोडलं, की त्याच टीजीएफ-बीटामुळे पेशी सैल होऊन दुसरीकडे पसरायला लागतात. पण त्याचं अजून एक काम म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशींना कोलॅजन नावाचं चिवट तंतूंचं प्रथिन बनवायला सांगणं. सुपारीचा अर्क तोंडाच्या सालीच्या पेशींवर लॅबमधे टाकला तर टीजीएफ-बीटाचा निरोप चालू होतो, हे दाखवलेलं आहे. तोंडात रोज दहा-दहा वेळा सुपारी दाबून धरली की तेच होते, गालाच्या आत कोलॅजन साठून साठून पट्टे तयार होतात, गाल पांढुरका आणि कडक, तिखट लागलं की आग, आणि तोंड उघडेनासं होते. सबम्युकस फायब्रोसिस. तंबाखूचा कण नसला तरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मधेच सुपारीला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करते हे सिद्ध झालेलं.

माझ्या वर्गात मी पोरांना सांगते की स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा, समोरच्या दातांच्या मधे. ज्याची दोनच जातात तो पोरगा मग वर्ग सुटल्यावर मागे थांबतो, काही बोलत नाही, नुसता उभा राहतो. त्याला मी डेंटिस्टकडे पाठवते, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय सांगते. कडक झालेला गाल पूर्ण पहिल्यासारखा सहसा होत नाही पण खर्रा सोडला आणि व्यायाम, उपचार चालू केले तर पुढचं अडवता येते, आणि पांढरा-लाल चट्टा वेळेवर कोणी पाहिला तर फार मोठा फरक पडते. दोन आठवड्यात न भरलेली तोंडातली कोणतीही जखम दाखवायलाच पाहिजे, तिच्यावर काही चोळत बसायचं नाही.

आणि लॅबमधल्या त्या सगळ्या कामाचं काय झालं, तर झालं. ईजीएफच्या रिसेप्टरला बाहेरून झाकणारं सेटुक्सिमॅब अमेरिकेत २००६ मधे डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्याच वर्षी क्यूबाच्या शास्त्रज्ञांनी शोधलेलं निमोटुझुमॅब बंगळुरूच्या बायोकॉनने आपल्याकडे आणलं, आणि टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ५३६ पेशंटवर ट्रायल करून दाखवलं की केमो आणि शेकासोबत ते दिलं तर आजार जास्त काळ आटोक्यात राहतो. एकूण आयुष्यात तेवढा ठळक फरक दिसला नाही, हे पण त्यांनी लिहिलंय.

उन्हाळ्यात मोठ्या बाबांची गाठ परत आली, मानेत. आता त्यांना टाटावाल्यांनीच बसवलेल्या पद्धतीच्या गोळ्या चालू आहेत, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब, आणि रोज एर्लोटिनिब. हे एर्लोटिनिब ईजीएफ रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट लागू देत नाही, म्हणजे माझा तो काळा पट्टा फिकट करणारं औषध. मी हे प्लेटमधे टाकलेलं आहे आणि आता ते मोठ्या बाबांच्या उशाशी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलेलं असते. याच गोळ्यांसोबत निवोलुमॅब हे महागडं इंजेक्शन फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तीन आठवड्यातून एकदा दिलं तर एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, २०२२ मधे ही टाटाची ट्रायल छापून आली. आपल्यासारख्या गरीब मुलुखातल्या पेशंटसाठी इतकं डोकं लावून कोणी काम केलं याचं मले फार मोठं वाटते. मोठ्या बाबांना ते इंजेक्शन मिळावं म्हणून कागदपत्रं करून राहिलो आहोत.

गोळ्या सुरू होऊन थोडे दिवस झाले नाही तर तोंडावर, छातीवर पुरळ आले, आणि गावात सगळे म्हणाले गोळ्या उलट्या पडल्या. मोठे बाबा आरशात बघून म्हणाले, "मले त देवीच आल्या वाट्टे बाप्पा." पण कातडीच्या पेशींना पण ईजीएफ लागतोच, तो रस्ता बंद केला की कातडी कुरकुर करते, हे या औषधांचं माहीत असलेलं लक्षण आहे, नखांच्या कडा दुखतात, आणि काही जणांच्या पापण्यांचे केस लांब आणि वाकडे वाढतात. ज्या रस्त्याने कोहेनच्या उंदरांचे डोळे लवकर उघडले तोच हा रस्ता. पुरळावर मलम असते, जास्त झालं तर डॉक्टर गोळी कमी करतात, आपल्या मनाने बंद करायची नसते.

एर्लोटिनिब ज्यांच्या घरी चालू असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी, कारण चिठ्ठीवर एवढं लिहायला दवाखान्यात कोणाला वेळ नसतो. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर. बिडी-सिगरेट ओढली तर लिव्हर ही गोळी भराभर मोडून टाकते आणि रक्तातलं औषध फार खाली जाते, कॅन्सर तर झालाच आहे आता काय फरक पडते असं म्हणून बिडी ओढणाऱ्यांना हे नक्की सांगा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जीवावर बेतते, मोठ्या आईने तो वार कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय. आणि पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, जी आपल्याकडे गॅसची गोळी म्हणून डॉक्टरला न विचारता घेतात, तिने पोटातलं आम्ल कमी झालं की एर्लोटिनिब नीट शोषलंच जात नाही. मोठे बाबा ती गेली पाच-सहा वर्षं रोज सकाळी घेत होते आणि डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, औषध थोडंच आहे ते, असं त्यांना वाटे. मागच्या सोमवारी सांगितलं, डॉक्टरांनी लगेच बंद केली आणि जळजळीसाठी दुसरं दिलं, ते कोणत्या वेळेला घ्यायचं हे पण चिठ्ठीवर लिहून दिलं.